आईने बंद केलेला काढा

ल्युपस म्हणजे काय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखायला लागलं आहे. रोगाशी लढणारी जी शक्ती प्रत्येकाच्या अंगात असते, ती माझ्या बाबतीत माझ्यावरच उलटली आहे, असं मी सांगते. सांधे, कातडी, किडनी, जे समोर येईल त्याला ती शत्रू समजते. लोक मान हलवतात आणि पुढचा प्रश्न न विचारता थेट उपायावर येतात. कुणी हळद सांगतं, कुणी गोमूत्र, कुणी पहाटे गवतावर अनवाणी चालायला सांगतं. मीरा रोडला गवत कुठे आहे तेही सांगून टाका, असं माझ्या अगदी ओठांवर येतं. शाळेतल्या एका बाईंनी तर मला समजावलं होतं, की मी फार चिडते म्हणून मला हा आजार झाला. त्यावर मी त्यांच्यावर चिडले.

उपाय सांगणाऱ्या या सगळ्यांना मी फटकारू शकते. आईला फटकारता आलं नाही, आणि लिहायचं आहे ते तिच्याबद्दलच.

सुरुवात बोटांपासून झाली. मी भाईंदरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. सकाळच्या पहिल्या तासाला खडू धरवेना. बोटं ताठ, जणू रात्रभर कुणी मुठीत आवळून ठेवली होती. दहा-साडेदहापर्यंत ती सैल व्हायची, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. मग गालांवर लाली आली, नाकाच्या दोन्ही बाजूंना पसरलेली. शिक्षकांच्या खोलीत त्यावरून माझी भरपूर चेष्टा झाली. मी तिशी ओलांडलेली, बिनलग्नाची, त्यामुळे असल्या चेष्टेला सगळ्यांना हुरूप येई. "कोण भेटलं बाई सकाळी सकाळी?" असं विचारून ते आपसांत हसायचे. मलाही आरशात बघून जरा बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू. रोज मैदानात उन्हात उभं राहून आमचा परिपाठ व्हायचा आणि रोज त्यानंतर ती लाली वाढायची, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. बेव्हर्ली पार्कच्या मागे आमची सोसायटी आहे, आणि आमच्या घराची गॅलरी पूर्वेला आहे. आई रत्नागिरीकडची. लग्न होऊन इकडे आली, सगळं आयुष्य या गॅलरीच्या ग्रिलमागे गेलं, पण कुणी आजारी पडलं की तिला गावचं रान आठवायचं. खोकल्याला अडुळसा, जुलाबाला कुड्याची साल, सुजेला निरगुडीचा पाला. हे सगळं ती आपल्या आईकडून शिकून आली होती, आणि ते इथे वाया जाऊ द्यायचं नाही असा तिचा पणच होता. कोरोनाच्या वर्षांत आमच्या विंगमध्ये घरोघरी काढा उकळत होता तो आईच्या सांगण्यावरून. समोरच्या गुजराती मावशी तिला "डॉक्टरनीजी" म्हणायला लागल्या. आई वरवर लाजायची, पण दुसऱ्या दिवशी सुंठ जरा जास्तच कुटायची.

माझ्या आजाराचं नाव कळायला बराच काळ गेला. थायरॉइड बघून झालं, व्हिटॅमिनं बघून झाली, एका डॉक्टरांनी टेन्शन घेऊ नका असं सांगून फी घेतली. शेवटी संधिवाताच्या एका डॉक्टरबाईंनी माझ्या गालांकडे बघितलं, बोटं दाबून बघितली आणि रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. रिपोर्ट आले तेव्हा आई माझ्याबरोबर होती. डॉक्टरबाईंनी तिला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला.

"काकू, समजा तुमच्या सोसायटीचा वॉचमनच रहिवाशांना काठीने झोडपायला लागला. तसं झालंय हे."

"मग काढून टाका त्याला," आई म्हणाली.

"काढता येत नाही ना. तो नसला तर चोर शिरतील. त्याला जरा गुंगीत ठेवायचा."

आई हसली. तिला डॉक्टरबाई आवडल्या होत्या. पण ते प्रेम औषधाच्या दुकानापर्यंतच टिकलं. चिठ्ठीतली एक गोळी बघून दुकानदाराने सहज विचारलं, "मलेरिया हुआ है क्या?" ती गोळी मूळची मलेरियाची, आणि ल्युपसमध्येही तीच देतात. मी घरी येईपर्यंत आईला हे समजावत होते.

"तुला मच्छर चावलाय काय?" ती म्हणाली. "नाही ना? मग मलेरियाची गोळी कशाला? अंदाजाने देतायत गो ही माणसं."

तिचा हिशेब सरळ होता. आजार येतो तो अंगातली ताकद कमी पडते म्हणून. माझ्यातली लढणारी शक्ती बिघडली आहे असं डॉक्टरच म्हणतात, मग तिला बळ द्यायला नको का? प्रतिकारशक्ती वाढवा, प्रतिकारशक्ती वाढवा, हे टीव्हीवर अख्ख्या देशाने ऐकलं होतं. आईने मामाला फोन लावला आणि गुळवेल मागवली.

तीसुद्धा कुठलीही चालणार नव्हती. कडुनिंबावर चढलेलीच हवी. आमच्या गावाकडे कडुनिंब कमी, म्हणून मामा ती शोधत पार घाटाच्या पायथ्यापर्यंत गेला. पिशवी रात्रीच्या खासगी बसने यायची आणि पहाटे काशिमिऱ्याला हायवेवर उतरायची. आई ती आणायला स्वतः जायची. मी रिक्षाने जाते म्हटलं तरी ऐकायची नाही. पिशवीत कोकमं असायची, कुळथाचं पीठ असायचं आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली गुळवेलीची कांडं. त्यातलं एक कांड तिने रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचलं. गुळवेल भलती चिवट. बघता बघता ती ग्रिलवर चढली आणि पावसाळा सरेपर्यंत आमच्या गॅलरीत हिरवा पडदा झाला. खालून जाणारे लोक वर बघून विचारायचे, ही कसली वेल. आई वरूनच त्यांना गुण सांगायची.

सकाळी मी उठायच्या आधी खलबत्त्याचा आवाज सुरू व्हायचा. कांडाची वरची पातळ साल काढायची, ते ठेचायचं, तुळस, सुंठ आणि मिरी घालून पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. मग गॅलरीत वेलीतून जिथे ऊन आत यायचं तिथे खुर्ची मांडून आई मला बसवायची. हातात काढ्याची वाटी, पाठीवर कोवळं ऊन, आणि ती माझ्या बोटांना कोमट तेल लावत खाली बसलेली. काढा इतका कडू की डोळ्यांत पाणी यायचं. मी तोंड वाकडं केलं की ती म्हणायची, "गिळ बाय, गिळ. कडू ते आतलं झाडून काढतं." मी गिळायचे.

मी गोळ्याही वेळेवर घेत होते. काढ्याचं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरात काढा हे औषध नव्हतंच. आपण सकाळी चहा घेतो हे कुणी डॉक्टरांना सांगतं का? ऊन टाळा असं त्यांनी बजावलं होतं, ते मी दुपारी पाळत होते. छत्री घेत होते, पूर्ण बाह्यांचे ड्रेस शिवले होते. पण सकाळच्या कोवळ्या उन्हाला आमच्याकडे ऊन म्हणतच नाहीत. तान्ह्या बाळाला त्यात झोपवतात, बाळंतिणीला शेकायला बसवतात. त्यात काही वाईट असेल, असं आईच्या काय, माझ्याही मनात आलं नाही.

आणि सांगायचं तर, त्या सकाळी फार सुखाच्या होत्या. शाळेत मुलांवर ओरडून घसा बसलेली मी, कुणी बोटांना तेल लावतंय म्हणून लहान झाल्यासारखी बसायचे. आई गावच्या गोष्टी सांगायची, मध्येच मामाला शिव्या द्यायची, मध्येच गुणगुणायची. बाबा गेल्यावर ती गुणगुणायची थांबली होती. ती परत सुरू झाली, आणि मला वाटायचं, काढ्याचा गुण मला येवो न येवो, तिला आलाय.

मग एका सकाळी पायांत चपला जाईनात. पाय सुजले होते. त्याआधी काही दिवस लघवीला फेस येत होता, पण मी ते कुणाला सांगितलं नव्हतं, असल्या गोष्टी कोण सांगतं. चेहरा सुजला, गालांवरची लाली काळपट झाली आणि परिपाठाला उभी असताना मला भोवळ आली. डॉक्टरबाईंनी लगेच दाखल करून घेतलं. लघवीतून प्रथिनं जात होती. पाठीत सुई घालून किडनीचा तुकडा काढला आणि तपासायला पाठवला. वॉचमन किडनीपर्यंत पोचला होता.

डॉक्टरबाई राउंडला आल्या तेव्हा आई खाटेशेजारच्या स्टुलावर बसली होती. त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. गोळ्या चुकल्या का, उन्हात फिरणं झालं का. मग त्यांनी विचारलं, "याशिवाय आणखी काही घेता का? काढा, चूर्ण, काही?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली. तिला वाटलं, आता तिची पाळी आली. इतके दिवस या खोलीत तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"घेते ना. रोज अनशापोटी. मी स्वतः करते. गुळवेल हाय ती कडुनिंबावरची, भाऊ पाठवतो. बाजारातली नाही." तिने सगळी कृती सांगितली. पाणी किती, उकळायचं किती वेळ, सुंठ कधी घालायची. "आणि कोवळ्या उन्हात बसवते रोज. त्याच्याशिवाय हाडं धरत नाहीत."

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. त्या चांगल्या आहेत, ओरडल्या नाहीत. खुर्ची ओढून आईसमोर बसल्या.

"काकू, गुळवेल बंद करायची. चांगली वनस्पती आहे, पण या आजारात नको. ती त्या लढणाऱ्या शक्तीला चेतवते, आणि आपण तर तिला शांत ठेवायला बघतोय."

आई म्हणाली, "म्हणजे तो वॉचमन. त्याला मी जाडी काठी आणून दिली?"

"असं नाही म्हणता येणार. हा आजार तसाही उसळतो. नक्की कशामुळे ते कुणीच सांगू शकत नाही."

"आणि कोवळं ऊन?"

"तेही नको, काकू."

"सूर्य पण नको?" आईने विचारलं. डॉक्टरबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला. आईने आपला हात हळूच काढून घेतला आणि पदराखाली झाकला. काढा करणारा तो हात तिने का झाकला, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

मी हॉस्पिटलातून घरी आले तर गॅलरी उघडी पडलेली. वेल मुळापासून उपटली होती. ग्रिलच्या गजांत तिचे वाळके तुकडे अडकले होते, ते काढताना आईच्या बोटांना खरचटलं होतं. गंमत बघा, त्या वेलीची घरात सावली पडायची. ती गेली आणि सकाळचं ऊन थेट माझ्या बिछान्यावर यायला लागलं. आईने घाईघाईने आपलं जुनं निळं सुती लुगडं ग्रिलला बांधलं आणि दिवसभर ते सोडलं नाही. घरात निळा अंधार झाला. आम्ही दोघी त्या निळ्या अंधारात बसून जेवलो.

पुढच्या काळात मी या आजाराबरोबर राहायला शिकले. गोळ्या चुकवायच्या नाहीत. ऊन कोवळं असो वा टळटळीत, छत्री. दुपारी शाळा सुटली की झोप, मग कुणी कितीही आळशी म्हणो. मीठ कमी. मासे चालतात, उलट बांगडा चांगला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. दिवस मावळल्यावर चालायचं. मुख्याध्यापकांकडे हट्ट धरून मी परिपाठ मैदानातून हॉलमध्ये आणला, तेव्हा सगळ्या शिक्षकांनी माझे आभार मानले, कारण ऊन त्यांनाही नकोच होतं. स्टिरॉइडने माझा चेहरा वाटोळा झाला. समोरच्या मावशी म्हणाल्या, "अब तो चेहरा भर गया, कितनी अच्छी लग रही हो!" मी थँक यू म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

हळूहळू माझं बरं चाललं. आईचं मात्र काहीतरी कायमचं मोडलं.

ती कुठलीच गोष्ट आपल्या मनाने करेना. आमटीत कोकम घालू ना? आलं चालेल? दही चालेल? बाजारात उत्तनची कोळीण बांगडा पुढे करून म्हणायची, "ताजा हाय गं मावशे, घे ना," तर आई माझ्याकडे वळून विचारायची, "घेऊ? डॉक्टर काय म्हणाल्या होत्या?" डॉक्टर काय म्हणाल्या होत्या ते तिला तोंडपाठ होतं. मासळी बाजारात जन्मात कुणाची परवानगी न घेतलेली बाई ती. कोळीण चकित होऊन बघायची आणि मी मान खाली घालायचे. माझं मीठ कमी झालं तसं तिने आपल्या ताटातलंही काढलं. तिला कसला आजार नव्हता. मी रागावले तर म्हणाली, "मला नाही लागत गो मीठ." तिला भरपूर लागायचं.

समोरच्या मावशींच्या नातवाला खोकला झाला. त्या नेहमीसारख्या आल्या, "डॉक्टरनीजी, कुछ बना दो ना." आई दारातच उभी राहिली.

"मेरे को कुछ नहीं आता," ती म्हणाली. "डॉक्टर के पास लेके जाओ."

मावशींना वाटलं, त्यांचं काही चुकलं. त्या पुन्हा तसं मागायला आल्या नाहीत. खलबत्ता माळ्यावर गेला. मामाच्या पिशव्या यायच्या थांबल्या, कारण आईने त्याला, आता काही पाठवू नकोस, एवढंच सांगितलं होतं. कारण सांगितलं नाही. मामाला अजून माहीत नाही.

एकदा मला साधा ताप आला. तोंडाला चव नव्हती. मी म्हटलं, आई, पेज कर ना, तुझी ती उकड्या तांदळाची, वर तूप सोडलेली. लहानपणापासून तापात मी तीच खात आले. आई हो म्हणाली आणि बाहेर गेली. बराच वेळ झाला तरी कुकरचा आवाज नाही. मी उठून बघितलं तर ती स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभी होती. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनिस्टला विचारत होती, "पेशंटला पेज दिलेली चालेल का? तांदळाची. फक्त तांदूळ आणि पाणी." ती मुलगी पलीकडे हसली असावी. आई परत म्हणाली, "नाही, तुम्ही मॅडमना विचारून सांगा. मी थांबते."

मला इतका राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. तापाच्या अंगाने मी ओरडले, "आई, पेज आहे ती! पेजेने कुणी मरत नाही!" तिने फोन ठेवला नाही. मी भिंतीला टेकून रडले. ती तशीच, कानाला फोन लावून, माझ्याकडे बघत राहिली.

संध्याकाळी आम्ही कधीकधी घोडबंदरला जातो. ऊन उतरलेलं असतं, खाडीवरून वारा येतो, आणि चालायचं आहेच तर तिकडे चालावं. तिथे एकदा बाकावर बसलो असताना मी विषय काढला. खूप दिवस मनात घोळवून, शब्द जुळवून काढला.

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या होत्या? नक्की सांगता येत नाही म्हणाल्या ना?"

"हो."

"मग तू का असं करतेस?"

"कसं करते? काही नाही करत."

"तेच तर. काहीच नाही करत तू."

ती खाडीकडे बघत होती. मग उठली. "चल बाय, वारा बाधेल," म्हणाली आणि लगेच थांबली. "बाधेल ना? की हे पण माझं उगीचच?"

मी तिचा हात धरून चालायला लागले.

वर्षं गेली. गोळ्या कमी होत गेल्या, चेहऱ्याची सूज उतरली, किडनी सावरली. दर वेळी रिपोर्ट चांगला आला की मी तो आईला वाचून दाखवायचे. ती डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. त्या वेळी मला तिच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. मला वाटे, दर चांगल्या रिपोर्टने तिच्यावरचा आरोप पक्का होतोय. काढा थांबला आणि मुलगी बरी झाली, याहून सरळ पुरावा तो कुठला? मी बरी होत होते आणि त्या बरं होण्याची मला लाज वाटत होती. असल्या गोष्टी कुणाला सांगितल्या तर लोक म्हणतील, हिचं डोकंही फिरलं.

या पावसाळ्यानंतर पाय पुन्हा जड वाटायला लागले. यावेळी मी शहाणी होते, फेस दिसताच तपासणी केली. लघवीत प्रथिनं परत आली होती. डॉक्टरबाईंनी मला उलटसुलट प्रश्न विचारले. गोळी चुकली का, ऊन लागलं का, काही नवीन घेतलं का. सगळ्याला माझं उत्तर नाही असंच होतं. मी गेली कित्येक वर्षं साधं आलं घातलेला चहा घेतला नव्हता.

"मग असं का झालं?" मी विचारलं.

"याला कारण लागतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळं नीट केलंत. आजारच असा आहे."

गोळ्या वाढल्या, इंजेक्शनं लागणार होती, पुन्हा तो वाटोळा चेहरा, पुन्हा केस गळणं. मी दवाखान्यातून बाहेर पडले आणि शेअर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले. तिथे माझ्या डोक्यात ते एकदम आलं. यावेळी काढा नव्हता! वेल नव्हती, कोवळं ऊन नव्हतं, आईने काही दिलं नव्हतं, आणि तरी आजार उसळला. म्हणजे तेव्हाही तो आपल्या मनानेच उसळला असणार. निदान तसं असू शकतं, हे आता छातीठोक म्हणता येणार होतं. रिक्षात बसले तर मला हसू आवरेना. शेजारची बाई माझ्याकडे चमकून बघायला लागली. किडनी पुन्हा बिघडल्याचा रिपोर्ट पर्समध्ये घेऊन हसणारी मीच असेन मीरा रोडमध्ये. वाटेत उतरून मी आईसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला.

आई गॅलरीत तांदूळ निवडत बसली होती. मी चपला काढल्या न काढल्या आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"आई, परत आलंय," मी म्हटलं. "पण ऐक, ऐक ना. डॉक्टर म्हणाल्या, कशामुळेच नाही. आपलं आपण आलंय. तू काही दिलंस का या वर्षांत? नाही ना? म्हणजे तेव्हाही तुझ्यामुळे नव्हतं. कळतंय का तुला? तुझा काढा नव्हताच तो!"

मी गजरा तिच्या मांडीवर ठेवला. तिने तिकडे बघितलं नाही.

"परत आलं?"

"हो, पण..."

"किडनीलाच?"

"हो. होईल बरं, इंजेक्शनं आहेत. मी काय सांगतेय ते ऐक ना आई. तुझी चूक नव्हती. इतकी वर्षं तू उगाच..."

तिने ताट बाजूला सरकवलं. माझी बोटं हातात घेतली, कितीतरी वर्षांनी, आणि एकेक बोट चाचपून बघायला लागली, सूज आहे का ते.

"माझ्यामुळे होतं तेच बरं होतं गो," ती म्हणाली. "मी म्हटलं, मीच केलंय, तर मीच थांबवीन. मी हात आवरला की ते पण थांबेल. आणि थांबलं होतं ना गो? इतके दिवस थांबलं होतं." तिने माझ्याकडे वर बघितलं. "मी सगळं बंद केलं होतं बाय. आता मी काय बंद करू?"